पाचशेला खिळलेला भाव

१

सकाळी साहेबांनी माझ्यापुढे एक टाइप केलेला अहवाल सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. अहवाल माझ्या नावाचा होता आणि त्यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं.

मी शेअर दलालांच्या या पेढीतली तपासनीस. नियम कोणी मोडला आणि कशासाठी मोडला, हे शोधणं माझं काम. ऑफिसात मला सगळे फौजदारबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे राग धरायची सोय नाही.

मी चष्मा लावून वाचायला घेतलं. काल एक्स्पायरी होती, म्हणजे महिन्याच्या ऑप्शनचा शेवटचा दिवस. बाजार बंद होण्याआधीच्या अर्ध्या तासात आमच्या पेढीतून निवृत्त नर्सांच्या पेन्शन फंडाचे शेअर धडाधड विकले गेले होते. शेअर एका पाइप कंपनीचे. भाव पाचशे सोळा होता, तो घसरत पाचशेवर आला आणि तिथेच खिळला. फंडाने विका म्हणून सांगितलेलं नव्हतं. विक्री चिमणीच्या टर्मिनलवरून, तिच्याच पासवर्डने झाली होती आणि भाव पडल्याने तिच्या सख्ख्या भावाचा फायदा झाला होता. सबब चिमणी दोषी, तिचं लायसन्स रद्द व्हावं, अशी माझी म्हणे शिफारस होती.

चिमणी आमची ऑप्शनची डीलर. उंची बेताची आणि आवाज बारीक, म्हणून चिमणी. कामात मात्र घारीसारखी. कालच्या कालच तिला घरी पाठवलं होतं.

"संध्याकाळपर्यंत हे नियामकाकडे जायला हवं," साहेब म्हणाले.

"जाईल की. आधी मी लिहिते."

"लिहून तयार आहे ना."

"खाली नाव माझं असेल तर वरचा मजकूरही माझाच असू दे."

साहेबांनी केबिनचं दार लोटून घेतलं. दार बंद झालं की ते मला 'अगं-तुगं' करतात. आम्ही दोघं एकाच महिन्यात बाजारात लागलो होतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, दलाल एका मोठ्या दालनात उभे राहून ओरडून सौदे करायचे. पुढे ते मालक झाले आणि मी त्यांना 'अहो साहेब' म्हणू लागले.

"अगं, निवृत्तीला किती राहिलंय तुझ्या? कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"ताप मला आधीपासूनच आहे, साहेब. औषध शोधून येते," मी म्हटलं आणि अहवाल पर्समध्ये कोंबला.

२

चिमणीच्या घरी दार तिच्या आईने उघडलं. पलंगावर धुतलेल्या चादरींचा ढीग होता आणि आई त्यांच्या घड्या घालत होती. कोपरे असे जुळवलेले की पट्टी लावून बघावं. आयुष्यभर वॉर्डात काढलेल्या बाईचे हात ते. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला पेन्शन कुठून मिळतं?" मी विचारलं.

"त्याच फंडातून," आई शांतपणे म्हणाली. "माझ्या मुलीने माझ्याच ताटातलं काढून घेतलं, असं तुमच्या साहेबांचं म्हणणं आहे. मला त्या ऑप्शनमधलं ओ का ठो कळत नाही. तुम्ही सांगा बघू नीट."

मी खुर्ची ओढून बसले. "समजा, तुम्ही मला शब्द दिलात की महिनाअखेरीला हा शेअर मी पाचशेला देईन. शब्दाचे थोडे पैसे आधीच घेतलेत. याला कॉल विकणं म्हणतात. शेवटच्या दिवशी भाव पाचशे किंवा त्याच्या खाली राहिला, तर मी कशाला येईन तुमच्याकडे? घेतलेले पैसे तुमच्या खिशात राहिले. पण भाव वर गेला, तर फरक तुम्ही भरायचा. तुमच्या मुलाने असे थोडे कॉल विकले होते. भाव पाचशे सोळावर राहिला असता तर त्याला भुर्दंड बसला असता."

"आणि पाचशेला घेईन असा शब्द दिला तर?"

"तो पुट. त्यात भाव पाचशेच्या खाली गेला की तुम्ही अडकलात."

"म्हणजे दोन्ही शब्द देणाऱ्याला भाव बरोब्बर पाचशेच हवा," आई म्हणाली आणि पुढची चादर उचलली. मी तेव्हा नुसती मान हलवली. नंतर त्या मानेला मी बरंच बोलले.

चिमणी खिडकीशी बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"मी जागेवर नव्हतेच, बाई. साहेबांच्या केबिनमध्ये होते. बढतीचं बोलायचंय म्हणून बोलावलं होतं. बाजार बंद झाल्यावरच बाहेर आले."

"एक्स्पायरीच्या शेवटच्या अर्ध्या तासात?"

"मालक बोलावतो तेव्हा घड्याळ दाखवायचं का?"

"मग तुझी खुर्ची कोणी धरली?"

तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. खुर्ची धरणं ही डीलिंग रूमची जुनी रीत आहे. डीलर उठला की शेजारचा त्याच्या जागी सरकतो, टर्मिनल उघडंच ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाची ऑर्डर चुकत नाही. नियमात हे बसत नाही, पण पोटाला भूक आणि शरीराला धर्म असतात, म्हणून सगळेच करतात. आणि धरणाऱ्याचं नाव कोणीही, कधीही सांगत नाही. मी इतकी वर्षं विचारतेय, एकाने सांगितलेलं नाही.

"डावीकडचा कप्तान की उजवीकडचे गुरुजी?"

"मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. मी आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. बसले तर पाय जमिनीला टेकेनात, कोणीतरी वर करून ठेवली होती. एवढंच कळलं. आई आजारी होती तेव्हा महिनाभर त्या दोघांनी माझी खुर्ची धरलीय, बाई. माझं लायसन्स गेलं तर जाऊ दे. मी त्यांच्यातल्या कोणाला घरी पाठवणार नाही."

"अगं, आणि तू काय करशील?"

"चादरींच्या घड्या घालीन," ती म्हणाली. आई हसली नाही.

मी उठले. चिमणीच्या खुर्चीवर लांब पायांचा माणूस बसला होता. आमच्या ऑप्शनच्या खोलीत लांब पायांचा माणूस एकच.

३

ऑप्शनची खोली काचेची आहे. आत एका ओळीत तीन टर्मिनल. मधलं चिमणीचं, डावीकडे कप्तान, उजवीकडे गुरुजी. मागच्या भिंतीत साहेबांच्या केबिनचं दार.

कप्तान या खोलीचा प्रमुख. तरणाबांड, ताडमाड उंच, बसला तरी गुडघे टेबलाला लागतात. नर्सांचा फंड आपल्याला मिळावा म्हणून त्याने मागे साहेबांकडे लकडा लावला होता आणि साहेबांनी तो चिमणीला दिला होता.

"फंड मला हवा होता, लपवत नाही," तो म्हणाला. "म्हणून मी तिचा गळा कापीन होय?"

"मी गळ्याबद्दल विचारलं नाही. खुर्चीबद्दल विचारतेय. काल ती कोणी धरली?"

त्याने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता परत लावली. "शेवटच्या अर्ध्या तासात मला माझा स्क्रीन सोडून काही दिसत नाही."

"शेजारी बसलेला माणूसही?"

"नाही."

गुरुजी पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. शाळा बंद पडली आणि डोक्याला टक्कल पडल्यावर ते या धंद्यात आले. वयाने माझ्याएवढे, पण बाजारात कप्तानाच्याही मागून लागलेले. ठेंगणे, पोट सुटलेलं, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं.

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा."

"बाई, तुम्ही प्रश्न चुकीच्या वर्गात विचारताय."

"बरोबर वर्ग कुठला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप्तानाकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं. "चिमणीचं नुकसान होईल असं मी काही बोलणार नाही."

हे मला विचित्र वाटलं. खरं सांगितल्याने चिमणीचं नुकसान कसं होणार? ती निर्दोष असेल तर खऱ्याने तिची सुटका व्हायला हवी. म्हणजे एक तर गुरुजी खोटं बोलत होते, नाहीतर त्यांना असं काही माहीत होतं ज्यात चिमणी खरंच अडकत होती.

बाहेर पडताना केबिनच्या दारात साहेब उभे होते, डोकं चौकटीला टेकेल इतके उंच. "झालं का समाधान? चिमणी काल माझ्याकडे आली होती, मी लपवत नाही. दोन मिनिटं बोललो आणि परत पाठवली. पुढे तिने काय केलं ते मशीनमध्ये आहे."

चिमणी म्हणत होती बाजार बंद होईपर्यंत, साहेब म्हणत होते दोन मिनिटं. दोघांपैकी एक जण मला शेंडी लावत होता.

४

मशीनमध्ये आहे म्हणाले, म्हणून मी मशीनच बघायला बसले. माझ्या स्क्रीनवर पेढीतला प्रत्येक सौदा दिसतो, कोणत्या टर्मिनलवरून आणि कोणत्या क्षणी, सगळं.

आधी कप्तान. खुर्ची धरणाऱ्याचं स्वतःचं टर्मिनल गप्प पडतं, त्याला दोन जागी बसता येत नाही. कप्तानाचं टर्मिनल त्या अर्ध्या तासात गप्प असेल, तर विषय संपला. पण त्याचे सौदे अखंड चालू होते, श्वास घ्यायलाही फट नव्हती. मग गुरुजी. त्यांचेही तसेच. एक्स्पायरीचा दिवस, दोघांनाही मान वर करायची उसंत नव्हती.

म्हणजे दोघांपैकी कोणीही चिमणीच्या खुर्चीवर बसलेलं नव्हतं. मग एक तर चिमणी स्वतः, नाहीतर ज्याला स्वतःचं टर्मिनलच नाही असा कोणी.

चिमणी स्वतः का नाही? मी तिच्या टर्मिनलचे सौदे पुन्हा वरपासून पाहिले. विक्री, विक्री, विक्री, भाव पाचशेवर. आणखी एक मोठी विक्री, भाव पाचशेच्या खाली घसरला. आणि तिथे त्याच टर्मिनलवरून खरेदी. जो विकत सुटला होता, त्यानेच परत विकत घेऊन भाव वर उचलला आणि पाचशेला आणून ठेवला. असं एकदा नाही, भाव खाली गेला की प्रत्येक वेळी.

आणि मला चादरींच्या घड्या आठवल्या. चिमणीच्या भावाने फक्त कॉल विकले होते. भाव पाचशेच्या खाली पार पाताळात गेला असता तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. त्याच्यासाठी कोणी कशाला भाव वर उचलेल? ज्याला भाव बरोब्बर पाचशेच हवा होता, त्याने दोन्ही शब्द दिले होते. म्हाताऱ्या नर्सने मला सकाळीच उत्तर दिलं होतं आणि मी नुसती मान हलवली होती.

पाचशेचे कॉल आणि पुट दोन्ही डोंगराएवढे विकलेलं आमच्याकडे एकच गिऱ्हाईक, शेठ. ज्याला सोडायला साहेब स्वतः लिफ्टपर्यंत जातात तो. मोठ्या माणसाचा डाव असा असतो. शेअरमध्ये थोडं सोडायचं आणि ऑप्शनमध्ये मोठं राखायचं. फक्त इथे सोडलेलं नर्सांचं होतं आणि राखलेलं शेठचं.

शेवटचा सौदा पाहिला आणि मी चष्मा काढून ठेवला. बाजार बंद होता होता, अगदी घंटेच्या तोंडावर, मूठभर शेअर पाचशेला विकले होते. हा शुद्ध वेडेपणा. आता एक्स्पायरीचा हिशेब शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर होतो. ती सरासरी केव्हाच पाचशेच्या आसपास बसली होती. शेवटच्या मूठभर शेअरने तिच्यावर ओरखडाही उठला नसता. आजचा कोणताही डीलर असली ऑर्डर टाकणार नाही. कप्तान नाही, चिमणी नाही, उशिरा आलेले गुरुजीही नाहीत.

पण ओरडून सौदे करायच्या दिवसांत सरासरी नव्हती. घंटेआधीचा शेवटचा सौदा तोच दिवसाचा भाव. आम्ही तो सौदा घशात धरून घंटेची वाट बघायचो. डोक्याने नवा नियम शिकला तरी हात जुनंच करतात. त्या दालनात घसा फोडलेली माणसं या पेढीत दोनच उरली आहेत. त्यातली एक मी.

मी चिमणीला फोन लावला. "काल केबिनमध्ये साहेब काय बोलले?"

"काही नाही. ते नव्हतेच ना, बाई. बस, येतो म्हणाले आणि दार ओढून गेले. मी एकटीच बसले होते."

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"पर्स उचल आणि ये," मी म्हटलं.

५

मी माझा अहवाल साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला. हे मात्र मान्य करायला हवं, वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"शेवटचा सौदा," ते म्हणाले. "तू ओळखणार हे मला कळायला हवं होतं."

"तिलाच का अडकवलंत?"

"फंडाचं खातं तिच्या टर्मिनलवरच उघडतं. आणि तिला सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती." त्यांनी डोळे चोळले. "भाव वर राहिला असता तर शेठ पार झोपला असता. त्याचं देणं आपल्या पेढीला भरावं लागलं असतं. पेढी संपली असती. कप्तानाचा पगार, गुरुजींचा, तुझी ग्रॅच्युइटी. नर्सांचं नुकसान फंडात विरून जातं, त्यांना कळतही नाही."

"एकीला कळलंय. माझ्या आधी कळलं होतं."

"मी पेढी वाचवली."

"पेढी बुडायची होती तर बुडू द्यायची. आपल्या पैशांनी बुडतो त्याला तोंड वर करून चालता येतं. तुम्ही दुसऱ्याच्या पैशांनी तरलात आणि वर एका पोरीच्या डोक्यावर पाय दिलात."

साहेबांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला. "बरं. खुर्ची वर होती, सौदा जुन्या वळणाचा होता. याला पुरावा म्हणतात का? ती म्हणेल मी केबिनमध्ये होते, मी म्हणेन नव्हती. मला त्या खुर्चीवर कोणी पाहिलं? विचार त्यांना. त्या खोलीत आजवर कोणी कोणाचं नाव घेतलंय?"

ते खरं होतं आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. त्याच रितीच्या आड ते बसले होते.

मी केबिनचं दार सताड उघडलं. कप्तान आणि गुरुजी आपापल्या जागी, मधली खुर्ची रिकामी. पलीकडच्या दारातून चिमणी नुकतीच आत आली होती.

"काल हिची खुर्ची कोणी धरली होती?" मी विचारलं.

दोघांच्याही माना स्क्रीनमध्ये रुतल्या. माझ्यामागे साहेबांची खुर्ची कुरकुरली, ते आरामात मागे रेलले होते. मला संताप आला.

"हे बघा, हिला वाटतंय तुमच्यापैकी एकाने धरली. तुम्हाला वाचवायला ही लायसन्सवर पाणी सोडायला निघालीय. आता तुम्ही ठरवा."

कप्तानाने झटकन मान वळवली. "आम्हाला वाचवायला?"

"मग कोणाला?" चिमणी म्हणाली. "तुम्ही दोघांनी माझ्यासाठी काय कमी केलंय?"

"पण तूच तर त्यांना बसायला सांगितलं होतंस ना?" गुरुजी खुर्चीतून अर्धवट उठले. "आम्ही समजलो तुमचं ठरलेलं आहे. त्यांचं नाव घेतलं तर त्यांच्याबरोबर तूही जाशील, म्हणून आम्ही तोंड शिवून बसलो."

"मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला आत बसवून ठेवलं होतं."

दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाचवलं होतं आणि मधल्यामध्ये तिसराच सुटला होता. मला तिघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं. मी त्यातलं काहीच केलं नाही.

"कप्तान," केबिनमधून साहेबांचा आवाज आला, "विचार करून बोल."

कप्तान उभा राहिला. उभा राहिला की तो खोलीत मावत नाही.

"केला विचार, साहेब. सांगून बसतो त्याला खुर्ची धरणं म्हणतात. त्याचं नाव आम्ही घेत नाही. तुम्ही न सांगता बसलात. बाई, लिहून घ्या. काल शेवटचा अर्धा तास या खुर्चीवर साहेब होते. मी डावीकडून पाहिलं."

"मी उजवीकडून," गुरुजी म्हणाले. "सही कुठे करायची ते दाखवा."

दोघांनी सह्या केल्या. सगळ्यात खाली मी केली. साहेबांचा अहवाल पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर परत ठेवला आणि माझा नियामकाकडे पाठवून दिला. पेढीचं पुढे काय होणार ते मला माहीत होतं. त्या दोघांनाही माहीत होतं, म्हणून तर मला त्यांचं कौतुक वाटलं.

साहेब दारापर्यंत आले. सगळ्यांसमोर ते मला नेहमी 'अहो बाई' म्हणतात. आज विसरले.

"सोमवारी तुझ्या टेबलावर दुसरं कोणी असेल."

"असेल. पण आज मी आहे," मी म्हटलं.

चिमणी आपल्या जागेवर जाऊन बसली. खुर्ची अजून कालच्याच उंचीवर होती आणि तिचे पाय अधांतरी लोंबत होते. तिने साहेबांकडे पाहिलं, नजर न हलवता खुर्चीखालचा दांडा ओढला आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडला नाही.